भगोडा

माझा भाऊ आयुष्यात दारूचा थेंब प्यायला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. गावात हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय की आता मी एसटीतून उतरले की काही माणसं उगाच चपलेचा अंगठा नीट करत खाली बघतात. बघू देत. हिच्या नाकावर राग असतो, हे गावाला मी परकर नेसत होते तेव्हापासून ठाऊक आहे.

आमचं गाव मेढ्याच्या अलीकडं, वेण्णेच्या काठाला. भाताची खाचरं, मागं डोंगर, आणि घरटी एक माणूस मिल्ट्रीत. वडील होते, ते आता हयात नाहीत. धाकटे चुलते होते, मग दादा भरती झाला. हवालदार होऊन पेन्शनीवर आला. पेन्शनीवरच्या माणसाला कँटीनचा कोटा मिळतो आणि कोट्यात रम असते. दादा ती आणायचा, सगळेच आणतात. पण आमच्याकडं रम ही पिण्यापेक्षा देण्याची वस्तू आहे. ट्रॅक्टरवाल्यानं आधी आपल्या खाचरात चिखल करून द्यावा, वायरमननं भर पावसात खांबावर चढावं, अडलेली म्हैस कुणीतरी मोकळी करावी, की कपाटातली बाटली बाहेर निघते. दादाच्या सगळ्या बाटल्या अशाच गेल्या. चुलत्यांना स्वतःचा कोटा पुरायचा नाही, त्यांची तर महिन्याची एक ठरलेली असायची. ते "सहज आलो हुतो" म्हणत यायचे आणि जाताना पिशवी जड असायची. गावातल्या निम्म्या नरड्यांतून दादाची रम उतरली होती. त्याला स्वतःला मात्र तिच्या वासानंच मळमळायचं.

मी त्याच्याहून बरीच धाकटी. सांगलीत कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. त्याआधी काही वर्षं पुण्याच्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकच गोष्ट बघत बसले होते, ती म्हणजे मज्जापेशीचं केंद्रक. मला एवढं शिकता आलं ते दादामुळं. सुट्टीवर आला की आईला दम द्यायचा, "तिला भांड्याला लावू नगंस, तिला वाचू दी." आणि मला विचारायचा, "काय दिसतं गं त्यात येवढं?"

मी त्याला बाजाराचं सांगायची. आपला आठवडी बाजार भरतो, त्याला भिंती असतात का? नसतात. तरी भाजीवाल्या एका अंगाला, कासार दुसऱ्या अंगाला, सुकट-बोंबील पार त्या टोकाला. कुणी खडूनं रेघ मारलेली नसते, पण जो तो आपल्या जागेवर. केंद्रकातही असे कप्पे असतात, भिंती नसलेले, नुसते जमलेल्या रेणूंचे. एका कप्प्यात एक काम, दुसऱ्यात दुसरं. जनुकं तिथंच पसरलेली असतात. जे जनुक कडेच्या पडद्याला चिकटून बसतं ते बहुतेक वेळा गप्प असतं. ज्याला बोलायचं असतं ते पुष्कळदा ठिपक्यांसारख्या दिसणाऱ्या एका कप्प्याजवळ सरकतं, आणि तिथून त्याचा निरोप बाहेर जातो. अंगातल्या बाकीच्या बहुतेक पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात. मज्जापेशीचं तसं नाही. ती एकदाच मिळते. म्हणजे तिला हा बाजार जन्मभर रोज नीट भरवायचा असतो.

"मंजे जन्माची ड्युटी," दादा म्हणायचा. "आन् रजा न्हाई." त्याला ते फार आवडलं होतं. गावात कुणी माझी चौकशी केली की तो सांगायचा, आमची बाय बाजार मोजती.

आजार आधी फोनवर आला. त्याची जीभ जड झाली होती. 'सांगली' म्हणताना 'हांगली' ऐकू यायचं. मी म्हटलं, दादा, तोंडात पान आहे का? तर म्हणाला, थंडीनं झालं आसंल. मग तो सकाळी सकाळी बांधावरनं खाचरात पडला. मग शर्टाची बटणं वहिनी लावू लागली. प्रजासत्ताक दिनाला आमच्या शाळेपुढं माजी सैनिक टोप्या घालून ओळीत उभे राहतात आणि झेंड्याला सलामी देतात. त्या वर्षी दादाचा हात कपाळापर्यंत गेलाच नाही. खांद्याशी येऊन अडकला आणि खाली आला. वहिनीचा फोन आला तेव्हा तिला बोलवत नव्हतं. "वन्सं, लोक हासलं वो," एवढंच म्हणाली.

जीभ जड, पाय लटपटतात, माणूस दिवसाढवळ्या पडतो, आणि कपाटात रमच्या बाटल्या. मिल्ट्रीवाल्यांच्या गावात याचा एकच अर्थ होतो. ताडाच्या झाडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणतात, इथं तर बाटल्या खऱ्याच होत्या. दादा चिडून "न्हाई" म्हणाला की पारावरचे म्हणायचे, खाई त्याला खवखवे. आणि चिडला की त्याची जीभ आणखी अडखळायची, म्हणजे पुन्हा त्यांचंच खरं.

आईच्या कानावर हे सगळं गेलं. तिनं मला फोन केला. "आयतवारी ये. येताना सांगलीची हळद आण, चांगली बघून." आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा, आणि भंडाऱ्याला आईला सांगलीचीच हळद लागते. मला वाटलं, देवाचं काहीतरी असेल. मी पेठेतनं ताजी दळलेली घेतली आणि गेले.

देव्हाऱ्यापुढं पाट मांडला होता. पितळेच्या वाटीत मी आणलेली हळद. भंडारा उचलणं हे आमच्याकडं कोर्टापेक्षा मोठं असतं. चिमटीत भंडारा घ्यायचा, बोलायचं ते बोलायचं आणि कपाळाला लावायचा. भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही. बोलायला गेलाच तर देव त्याचा हात धरतो, असं आई आम्हाला लहानपणापासून सांगत आलेली.

"बाबा," आई त्याला म्हणाली, "मी तुला शिव्या देनार न्हाई, का रडनार न्हाई. भंडारा उचल आन् म्हन, मी पीत न्हाई. तू येवढं म्हनलास की माजं झालं. मग गाव काय बी बोलू दे, मी बघती गावाकडं."

दादाला बरंच वाटलं. ते त्याच्या तोंडावर दिसलं. एवढ्यानं सुटका होणार असेल तर आणखी काय पाहिजे? त्यानं हातपाय धुतले, टोपी घातली, पाटावर बसला. वाटीत हात घातला. अंगठा आणि बोट एकमेकांना टेकेना. चिमूट उचलायचा आणि ती गळून जायची. मग त्यानं सगळ्या बोटांनी थोडी हळद उकरून घेतली आणि हात वर न्यायला लागला. हात छातीपर्यंत आला, थरथरला आणि तिथंच थांबला. हळद त्याच्या पांढऱ्या बनियनवर सांडली. तो पुन्हा वाटीकडं वाकला तर वाटीच उलटली.

"द्येवानं हात धरला," आई म्हणाली. ओरडून नाही, हळूच. ती उठली आणि मागच्या दारानं गोठ्यात शेण काढायला गेली.

मी त्याच्या हाताकडं बघत होते. अंगठ्याच्या बुडाशी मांसच उरलं नव्हतं, खळगा पडला होता. कोपराखाली कातडी आपोआप उडत होती. बैल अंगावरची माशी हाकलायला कातडी थरथरवतो ना, तशी, आणि वरनं हळद पडलेली म्हणून ते आणखीच दिसत होतं. त्या हाताच्या मागं मणक्यात ज्या पेशी असतात, त्यांची केंद्रकं मी पुण्यात वर्षानुवर्षं पाहिली होती. त्या पेशी बिघडलेला माणूस मात्र कधी पाहिला नव्हता. दादा डाव्या हातानं जमिनीवरची हळद गोळा करत होता.

"न्हाई गं बाय," तो म्हणाला. "मी न्हाई पीत."

"मला माहिताय दादा," मी म्हटलं. "ऊठ, आपण सांगलीला जाऊ."

सांगलीच्या दवाखान्यात त्याच्या हातापायांत आणि जिभेत सुया घालून स्नायूंतली वीज बघितली. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं दादाला बाहेर बसवलं नाही, समोरच सांगितलं. मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी एकेक करून मरतात. गोळी आहे, ती थोडं पुढं ढकलते, बरं करत नाही. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं, असं तो म्हणाला, आणि हे सांत्वन म्हणून म्हणाला.

आम्ही तिथून कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. मी सवयीनं भडंग घेतलं होतं, त्याला फार आवडायचं म्हणून. पहिल्याच घासाला त्याला असा ठसका लागला की मी पुडी बाजूला ठेवून दिली. ठसका थांबल्यावर तो म्हणाला, "आता सांग. माज्या बाजारात काय झालंय?"

मी सांगितलं. एक प्रोटीन आहे, त्याला धड नावही नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडा. त्याची जागा केंद्रकात. जनुकाकडून निरोप निघतो तेव्हा त्यात मधेमधे निरर्थक तुकडे असतात, ते कापून टाकायचे असतात. कुठला तुकडा निरोपात राहू द्यायचा नाही यावर हे प्रोटीन पहारा देतं. या आजारात ते केंद्रक सोडून बाहेर जातं आणि पेशीत गोळा होऊन बसतं. आत पहाऱ्याला कुणी राहत नाही. मग निरोपांत नको ते शिवलं जातं, आणि आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पेशी झिजते, स्नायू सुटतो. सुरुवातीला केंद्रकात काही नवेच कप्पे उगवलेले दिसतात, एरवी त्या पेशींत त्यांचा मागमूस नसतो. ते सावरायला येतात की बिघाडाचीच खूण असतात, हे आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही.

"आन् ते भाईर का जातं?"

"ते कळत नाही दादा."

"मंजे पोस्ट सोडून गेलं."

"हो."

"भगोडा," दादा म्हणाला.

आमच्या गावात आईबहिणीवरनं दिलेल्या शिव्या लोक हसून सोडून देतात. भगोडा ही शिवी सोडत नाहीत. पलटणीतून पळालेल्या माणसाला मिल्ट्रीत भगोडा म्हणतात, आणि त्याच्या घरी पोरगी द्यायलासुद्धा लोक का-कू करतात. आयुष्यभर पोस्टवर उभा राहिलेला माझा भाऊ, आणि त्याच्या मणक्यात हे. त्याला हसू आलं. हसू आलं ते थांबेचना. हसतहसत डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, दम लागला, तरी थांबेना. हेही त्या आजाराचंच असतं. खालच्या पायरीवर एकजण गाडी धूत होता, त्यानं आमच्याकडं बघितलं आणि सोबतच्याला अंगठा तोंडाकडं नेऊन खूण केली. मी तिथनंच त्याला असं झाडलं की त्यानं बादली उचलली आणि पलीकडं गेला.

हसणं ओसरल्यावर दादानं माझा हात धरला, डाव्या हातानं. "आईला ह्येच सांग," म्हणाला. "तू शिकलेली हायस, तुजं ऐकंल. मला दुसरं काय नगं. माजी जीभ हाय तवर तिनं मला एकदा म्हनावं, तू पीत न्हाईस."

पुढच्या सुट्टीला मी लॅपटॉप घेऊन गेले. आईला ओट्यावर बसवलं, तिच्या डोळ्यांना चष्मा लावला आणि माझ्या जुन्या कामातली दोन चित्रं दाखवली. एक चांगल्या पेशीचं. निळ्या केंद्रकात हिरवे बारीक ठिपके भरलेले. आई म्हणाली, "भंडारा उधळल्यागत दिसतंय." मला वाटलं, जमलं. मग दुसरं दाखवलं. केंद्रक नुसतं निळं, सगळा हिरवा गोळा बाहेर. मी तिला दादाला सांगितलं होतं तसंच सगळं सांगितलं, बाजारासकट. दादा दारात खुर्चीवर बसून ऐकत होता.

आईनं शांतपणानं ऐकलं. मग विचारलं, "ह्यो फोटू ह्येच्या अंगातला हाय का?"

"नाही. जित्या माणसाच्या मणक्यातनं असं काढता येत नाही. हा दुसऱ्या माणसाचा, मेल्यावर दिलेला."

"मग ह्येच्या आत काय हाय, ते तू बघितलं न्हाईस."

"आई, आजार तोच आहे."

"आजार झालाय ते दिसतंय मला. मी काय आंधळी हाय? पर कशानं झाला? तूच म्हनतीस, का होतो ते ठावं न्हाई. तुमास्नी ठावं न्हाई, आन् द्येवानं माज्याम्होरं दावलं, ते खोटं?"

"देवानं नाही दाखवलं. अंगठ्यातलं मांस गेलंय, म्हणून सांडला भंडारा."

"मांस कुनी न्हेलं?" आई म्हणाली.

यावर मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. लॅपटॉप आपटून मिटला आणि परड्यात जाऊन उभी राहिले. आई नवरा सीमेवर असताना भंडारा लावत आली, पोरगा सीमेवर असताना लावत आली, आणि दोघंही धड घरी आले. तिच्यासाठी पोरगा खरा म्हणजे देव खोटा, असा तो हिशोब होता. दोघांतल्या कुणाला सोडायचं, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. पण दारात बसलेल्या दादाचं तोंड मला दिसत होतं आणि त्या वेळी मला तिची काडीचीही दया आली नाही.

त्याची सेवा मात्र तिनं अशी केली की वहिनीच्याही वाट्याला फार ठेवलं नाही. नाचणीची आंबील गाळून, हनुवटी हातात धरून, चमच्या-चमच्यानं पाजायची. मान सावरायची. लाळ पुसायची. त्याला कुशीवर वळवताना म्हणायची, वळ माज्या राजा. फक्त त्या एका गोष्टीवर तिचं तोंड बंद होतं. चुलते येऊन बसायचे, "काय रं गड्या" म्हणून पाय चेपायचे, डोळे पुसायचे आणि बाहेर ओट्यावर सांगायचे, लय पिला, नसा जळाल्या. एकदा मी त्यांना आडवी गेले. "आवं नाना, तुमी कुनाची पीत हुता?" माझ्या तोंडात गावची बोली आली म्हणजे मी संपवायलाच निघालेली असते. चुलते म्हणाले, "त्येचीच पीत हुतो की. मी पीत हुतो तर त्यो बी पीत आसंल. कपाटात ठिवून नुसतं बघत कोन बसतं?" त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं.

सांगलीला वर्गात त्याच दिवसांत मी केंद्रक शिकवत होते. फळ्यावर गोल काढला, आत कप्पे काढले. एका मुलीनं विचारलं, मॅडम, भिंती नाहीत तर मग ते आपापल्या जागी राहतात कसे? मी बाजाराचं सांगायला तोंड उघडलं आणि खडू खाली ठेवला. घसा खराब आहे म्हणून तास सोडून दिला.

दादाचं बोलणं एकदम गेलं नाही. आधी जीभ टाळ्याला लावून म्हणायची अक्षरं गेली, मग ओठ मिटून म्हणायची. शेवटी नुसते स्वर राहिले. "मी पीत न्हाई," असं तो रोज म्हणायचा, दिवसातनं किती वेळा म्हणायचा. त्याचं आधी "ई ई आई" झालं. मग तेवढा दमही पुरेना आणि शेवटचाच शब्द राहिला. आमच्याकडचा न्हाई, त्यातला न्ह गेला की काय उरतं?

"आई," असं ऐकू यायचं.

आणि आई जिथं असेल तिथनं यायची. चुलीपुढनं, गोठ्यातनं, शेणानं भरलेल्या हातानं. "हाय रं बाबा," म्हणायची. "हाय, हितंच हाय." त्याच्या कपाळावरनं हात फिरवायची. तो पुन्हा म्हणायचा. ती पुन्हा म्हणायची, हाय. एकदा मी न राहवून म्हटलं, "आई, तो तुला हाक मारत नाहीये, तो—" आणि दादानं माझ्याकडं बघितलं. मान हलत नव्हती त्याची, पण डोळे हलत होते. त्यानं ते डावीकडं-उजवीकडं फिरवले. सांगू नको. तिचे हात त्याच्या गालांवर होते आणि तिचं तोंड इतकं उजळलं होतं, की तिचा तो समज त्याच्यानं मोडवला नसेल.

भाताची काढणी चालू होती तेव्हा तो गेला. सकाळची वेळ, आई त्याला कोमट चहा पाजत होती. "आई" म्हणाला, ती "हाय" म्हणाली, आणि पुढचा चमचा त्याच्या ओठांतून बाहेर ओघळला. माजी सैनिक टोप्या घालून आले, ओळीत उभे राहिले आणि त्यांनी सलामी दिली. सगळ्यांचे हात कपाळाला टेकले. मी त्यांच्या अंगठ्यांकडं बघत होते.

दहाव्याला आमच्याकडं बायकाही नदीवर जातात. पिंड ठेवले. शेजारी पानावर त्याच्या आवडीचं सगळं, शेवयाची खीर, भडंग, नाचणीची भाकरी. कावळा शिवेना. पलीकडं जांभळीवर कावळे बसलेले, एकमेकांत खेळत होते, खाली यायचं नाव नाही. मग जो तो पुढं होऊन बोलू लागला. पोरांचं शिक्षण करू रं. बायकोला अंतर देनार न्हाई रं. वहिनी पदर तोंडात धरून रडत होती. ऊन वर यायला लागलं. गुरुजी घड्याळ बघायला लागले.

तेव्हा चुलते उठले. पिशवीतनं त्यांनी रमची बाटली काढली, बूच न काढलेली. "त्येच्याच हातची हाय," म्हणाले. "शेवटाला दिल्याली. म्या फोडली न्हवती." त्यांचा आवाज कापत होता, त्यांनी ते प्रेमानंच केलं. द्रोणात थोडी ओतली आणि पिंडाशेजारी ठेवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठणार तोवर जांभळीवरनं एक कावळा सरळ खाली आला, पिंडाला चोच मारली आणि भाताचं शीत घेऊन उडाला.

लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. कुणीतरी म्हणालं, "बघा, त्येवढ्यासाठी घुटमळत हुता." कुणी रडतारडता हसलंही. सगळं सिद्ध झालं होतं. आधी देवानं सांगितलं, आता कावळ्यानं. मला वाटलं, संपलं. आता माझ्या भावाला या गावात कायमचं दारुडं करून ठेवलं, आणि माझ्या लॅपटॉपात जे आहे ते कुणाच्या बापाला पटणार नाही.

"कावळ्याला काय कळतंय?" आई म्हणाली.

ती धोंड्यावर बसली होती. गुडघ्यावर हात टेकत उठली, पिंडापाशी आली आणि तो द्रोण उचलून वाळूत पालथा केला. "भावजी, बाटली न्या तुमची. माजा पोरगा पीत न्हवता."

"आवं वैनी, पर भंडारा..." चुलते पुटपुटले.

"द्येवाचं आन् माजं काय हाय ते मी बघून घीन," आई म्हणाली. "त्यो पीत न्हवता." गुरुजींनी भांडी आवरायला घेतली.

परत येताना मी तिचा दंड धरून बांधावरनं चालत होते. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे बुडखे. जे वाक्य ऐकायला तो तडफडत राहिला, ते तिनं आज वाळूत, कावळ्यांसमोर म्हटलं होतं. मला राग यायला हवा होता, पण तेवढी ताकद नव्हती.

"आई, हे तुला कधी पटलं?"

"शेवटाला त्यो आई म्हनत न्हवता," ती म्हणाली. "न्हाई म्हनत हुता. पीत न्हाई, पीत न्हाई. मला काय कळत न्हवतं व्हय? नऊ म्हयने पोटात वागवलाय."

"मग त्याला एकदा म्हणायचं होतंस गं. एकदा. त्याला तेवढंच पाहिजे होतं."

ती थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, खाचराकडं बघत राहिली.

"म्हनले आस्ते तर त्यो गप झाला आस्ता," ती म्हणाली. "त्येच्या तोंडात त्येवढा एकच शबुद ऱ्हायला हुता. त्यो बी थांबला आस्ता, तर मला परत आई म्हनून हाक कुटनं ऐकू आली आस्ती?"